आरोपपत्र मिळताच कामगार ‘सिक’वर गेला, तर?

आरोपपत्र शुक्रवारी हातात पडतं. सोमवारी सकाळी सुपरवायझरच्या व्हॉट्सअॅपवर निरोप येतो, ‘सर, तब्येत बरी नाही, दवाखान्यात आहे.’ आठवड्याने पोस्टाने सर्टिफिकेट येतं, सात दिवस विश्रांती. मग आणखी सात, मग पंधरा. चौकशीची पहिली तारीख जाते, दुसरीही जाते. प्लँट हेड एचआरला रोज विचारू लागतो, ‘त्याचं काही झालं की नाही अजून?’ आणि या दबावाखाली एचआरच्या हातून नको ते होतं. सगळं नाटक आहे असं धरून मस्टरवरून नाव उडवलं जातं, किंवा कुणाला तरी त्याच्या गावी पाठवून शेतात उभ्या असलेल्या माणसाचा लांबून फोटो काढला जातो.

चाकण, वाळूज, सातपूर, बुटीबोरी, कुठल्याही एमआयडीसीत एचआरमध्ये काही वर्षं काढलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल. हा लेख व्यवस्थापनाच्या बाजूच्या माणसासाठी आहे. पण कामगाराने किंवा युनियनच्या प्रतिनिधीने वाचला तरी त्याचं नुकसान नाही, कारण सांगायचंय ते इतकंच: माणूस खरंच आजारी आहे की नाही हे ठरवण्याच्या मागे लागू नका. बहुतेक वेळा ते सिद्धही करता येत नाही आणि सिद्ध करण्याची गरजही नसते. मूळ आरोपाची चौकशी नीट पुढे नेली की आजारपणाचा प्रश्न आपोआप त्याच्या जागेवर जातो. साप साप म्हणून भुई धोपटत बसण्यात सहा महिने गेलेल्या कंपन्या मी पाहिल्या आहेत.

माणूस खरंच आजारी असेल, ही दुसरी शक्यता डोक्यात पक्की ठेवा. नोकरी जाण्याची वेळ आलेल्या माणसाचं ब्लड प्रेशर वाढतं, साखर वर जाते, झोप उडते. चाळिशी-पंचेचाळिशीतल्या, घराचे हप्ते चालू असलेल्या माणसाला आरोपपत्रानंतर दोन दिवसांत छातीत दुखायला लागलं तर ते नाटक आहे असं गेटवर बसून ठरवता येत नाही. वेळ संशयास्पद आहे, पण तो पुरावा नव्हे.

आधी दोन फायली वेगळ्या करा

एक फाईल मूळ गैरवर्तनाची: चोरी, मारामारी, खोटी नोंद, जे काही असेल ते. दुसरी आजारपणाची: रजेचे अर्ज, सर्टिफिकेटं, तुमची पत्रं, पोस्टाच्या पावत्या. पहिल्या फाईलमधल्या आरोपपत्रात दुसऱ्या फाईलचा एक शब्दही जाता कामा नये. ‘आरोपपत्र मिळाल्यावर हेतुपुरस्सर आजारपणाचे ढोंग केले’ असं वाक्य मूळ प्रकरणात घुसवलं की तुम्ही स्वतःहून एक ओझं डोक्यावर घेता. आता मारामारी सिद्ध करायची आणि ढोंगही. दुसरं फसलं की पहिल्याकडेही कोर्ट संशयाने बघतं.

महाराष्ट्रात याला आणखी एक कारण आहे. १९७१ च्या एमआरटीयू-पल्प कायद्याच्या (कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा राज्याचा कायदा) चौथ्या परिशिष्टात, पहिल्याच बाबीखाली, अनुचित कामगार प्रथांची यादी आहे. सूडबुद्धीने काढणं, नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून घाईने काढणं, शिक्षा आरोपाच्या मानाने फारच जास्त असणं, आणि त्यातच ‘विनापरवाना गैरहजेरीच्या खोट्या किंवा रचलेल्या आरोपावरून काढणं’ हेही स्वतंत्रपणे लिहिलेलं आहे. कामगाराचा वकील कामगार न्यायालयासाठी तक्रार लिहायला बसतो तेव्हा त्याचं बोट आधी इथे जातं. गैरहजेरीचा आरोप ठेवायचाच असेल तर तो स्वतंत्र, पूर्ण तपासून, सर्टिफिकेटांचा निकाल लागल्यावर.

माणूस निलंबित असेल तर अर्धी डोकेदुखी आधीच संपलेली असते. निलंबित माणसाला कामावर यायचंच नाही, मग त्याला सिक लीव्ह कशाची द्यायची? त्याचं सर्टिफिकेट फक्त चौकशीच्या तारखेपुरतं महत्त्वाचं. निर्वाह भत्ता मात्र चालू ठेवा, पहिले ९० दिवस निम्मा पगार आणि नंतर वाढीव दराने. ‘आजारी आहे ना, मग भत्ता थांबवा’ असं अकाउंट्सने परस्पर केलं तर पैशाअभावी बचाव करता आला नाही हा मुद्दा कामगाराच्या हातात आयता पडतो आणि सगळी चौकशी डळमळते.

तो ईएसआयमध्ये आहे का, हे त्याच दिवशी बघा

ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना. पगार दरमहा २१,००० रुपयांपर्यंत असेल तर तो त्यात बहुधा असेल. मग गणित बदलतं. आजारपणाचा लाभ ईएसआयसी, म्हणजे या योजनेचं महामंडळ, देते, सरासरी रोजच्या वेतनाच्या ७० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. म्हणजे त्या दिवसांचा पगार तुमच्या खिशातून जात नाही, आणि त्या सर्टिफिकेटवर शंका घेण्याची व्यवस्थाही ईएसआयकडेच आहे. लाभ घेणाऱ्याने उपचाराखाली राहायचं, प्रकृतीला बाधक असं काही करायचं नाही, परवानगीशिवाय भाग सोडून जायचं नाही आणि बोलावलं की तपासणीला जायचं, या अटी आहेत. तुम्हाला शंका असेल तर शाखा कार्यालयाला आणि सर्टिफिकेट देणाऱ्या ईएसआय दवाखान्याला किंवा पॅनेल डॉक्टरला पत्र लिहून मेडिकल रेफरीकडून (ईएसआयचा फेरतपासणी करणारा डॉक्टर) तपासणी करण्याची विनंती करता येते. पत्रात तारखा लिहा, आरोप नकोत. ‘सदर विमाधारक दि. अमुकपासून सलग इतक्या दिवसांच्या प्रमाणपत्रांवर रजेवर आहेत, तरी फेरतपासणी व्हावी’ एवढं पुरतं.

उलट बाजूने ईएसआयकडून तुमच्याकडेही फॉर्म येतो, त्या दिवसांत हा माणूस कामावर नव्हता ना, याची खातरजमा करणारा. तो टाइम ऑफिसच्या टेबलावर पडून राहतो. पंचिंग रेकॉर्ड पाहून तो वेळेत भरा. लाभ घेतलेल्या दिवशी माणसाने गेटवर पंच केलेलं निघालं, तर ती बाब कुठल्याही पाळतीपेक्षा ठोस असते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ईएसआय कायदा १९४८ च्या कलम ७३ नुसार आजारपणाचा लाभ चालू असताना कामगाराला बडतर्फ करणं, कमी करणं, पदावनत करणं किंवा अन्य शिक्षा देणं मना होतं. त्या काळात दिलेली नोटीसही अवैध. चौकशी चालवायला त्याने आडकाठी नव्हती, शिक्षेला होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, त्यामुळे आदेशात जुनं कलम डोळे झाकून छापू नका. आदेशाच्या तारखेला कोणती तरतूद लागते ते वकिलाकडून लेखी घ्या. शिस्त मात्र तीच पाळा: लाभ चालू असताना चौकशी पुढे न्या, शिक्षेचा आदेश हातात ठेवा.

कुणी तरी जुना निकाल काढून दाखवेल, बकिंगहॅम अँड कर्नाटिक कंपनी विरुद्ध वेंकटय्या, १९६४. तिथे ठरावीक दिवस गैरहजर राहिल्यावर स्थायी आदेशाप्रमाणे (कारखान्याचे लेखी सेवानियम) आपोआप नोकरी संपली, कामगाराने नंतर ईएसआयचं सर्टिफिकेट आणलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची बाजू घेतली. त्यावर विसंबू नका. १९९३ च्या डी. के. यादव निकालात त्याच न्यायालयाने सांगितलं की स्थायी आदेशात ‘आपोआप’ असं लिहिलेलं असलं तरी माणसाला त्याची बाजू मांडू दिल्याशिवाय नोकरी संपवता येत नाही. त्या कामगाराला निम्म्या मागील पगारासह (नोकरीबाहेर असलेल्या काळाचा पगार) परत घ्यावं लागलं. मस्टरवरून नाव उडवण्याचा मोह झाला की हा निकाल आठवावा.

सर्टिफिकेट नुसतं जोडू नका, वाचा

एचआरमध्ये सर्टिफिकेट आलं की त्यावर आवक शिक्का पडतो आणि ते फाईलला लागतं. वाचत कुणीच नाही. समजा, समोर एक अर्ध्या पानाचं लेटरहेड आहे. वर डॉक्टरांचं नाव, खाली बीएएमएस, फोन नंबर. निळ्या पेनाने लिहिलंय, ‘अक्यूट लंबर पेन, १५ दिवस पूर्ण विश्रांती’. ‘पासून’च्या तारखेत ३ चा ८ केलेला दिसतो. नोंदणी क्रमांक नाही. रुग्णाची सही नाही. तपासल्याची तारीख नाही, फक्त दिल्याची तारीख आहे आणि ती विश्रांती सुरू झाल्यानंतर सहा दिवसांची आहे.

यातलं काहीही ‘बनावट’ ठरवायला पुरेसं नाही. बीएएमएस किंवा बीएचएमएस डॉक्टर नोंदणीकृत असतील तर त्यांचं सर्टिफिकेट केवळ पदवीवरून नाकारता येत नाही. अनेक एचआरवाले इथेच आडमुठेपणा करतात. पण प्रत्येक त्रुटी हा एक साधा प्रश्न आहे आणि तो लेखी विचारता येतो. नोंदणी क्रमांक कोणता? रुग्णाला प्रत्यक्ष कधी तपासलं? मागच्या तारखेपासून विश्रांती कशाच्या आधारे?

अॅलोपॅथीच्या डॉक्टरांना २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनी एक जबाबदारी घालून दिली आहे, जी फार कमी एचआरवाल्यांना माहीत असते. दिलेल्या सर्टिफिकेटांचं रजिस्टर ठेवायचं, त्यात रुग्णाची सही किंवा अंगठा, पत्ता आणि निदान एक ओळखखूण नोंदवायची, सर्टिफिकेटाची प्रत जपायची. खोटं सर्टिफिकेट देणं हे गैरवर्तन असून त्यासाठी नोंदणीतून नाव काढलं जाऊ शकतं. म्हणून डॉक्टरांना पत्र लिहाल तेव्हा तीनच गोष्टी विचारा: सोबत जोडलेलं सर्टिफिकेट आपण दिलं आहे का, त्याची रजिस्टरमधली नोंद कोणत्या क्रमांकाची, आणि रुग्णाला कोणत्या तारखेला तपासलं. आजार काय, औषधं कोणती, हे विचारू नका. ती माहिती रुग्णाची आहे, डॉक्टर देणार नाहीत आणि देऊही नये. उत्तर आलं नाही तर त्याचा अर्थ सर्टिफिकेट खोटं असा होत नाही.

अक्षरावरून, शिक्क्यावरून, ‘हा डॉक्टर सगळ्यांनाच देतो’ या गावगप्पांवरून काही ठरवू नका. गणपतीत कोकणातली निम्मी लाइन ‘व्हायरल’ने आजारी पडते हे सगळ्या मुंबई-ठाण्याच्या कारखान्यांना माहीत आहे, पण ते रजेच्या नियोजनाचं दुखणं आहे, त्याचा राग या माणसावर काढायचा नाही.

कामाला अनफिट की चौकशीला अनफिट?

सगळ्या प्रकरणाची किल्ली या प्रश्नात आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

प्रेस मशीनवर आठ तास उभं राहू न शकणारा माणूस खुर्चीत बसून दोन तास साक्ष ऐकू शकतो का? पाय प्लास्टरमध्ये असेल तर गाडी पाठवून आणता येईल का? कंबरदुखी असेल तर दर अर्ध्या तासाला उठून फिरू दिलं तर चालेल का? उलट, तीव्र नैराश्यात असलेला माणूस शरीराने धडधाकट दिसेल, पण उलटतपासणी घेण्याच्या स्थितीत नसेल. ‘विश्रांतीची गरज आहे’ एवढं लिहिलेलं सर्टिफिकेट यातल्या कशाचंच उत्तर देत नाही. ते उत्तर मागायचं असतं, आणि मागण्याची भाषा सभ्य हवी, कारण हे पत्र दोन-तीन वर्षांनी न्यायाधीश वाचणार आहेत. नमुना असा:

‘आपण पाठवलेले दि. … चे वैद्यकीय प्रमाणपत्र मिळाले. आपल्या प्रकृतीस लवकर आराम पडावा ही सदिच्छा. प्रमाणपत्रात आपण कामावर येण्यास असमर्थ असल्याचे नमूद आहे, तथापि दि. … रोजी सकाळी ११ वाजता ठेवलेल्या चौकशीत बसून भाग घेता येईल किंवा कसे, याचा त्यात उल्लेख नाही. तरी आपल्या डॉक्टरांकडून पुढील बाबी लेखी घेऊन दि. … पर्यंत पाठवाव्यात: आपण चौकशीस उपस्थित राहू शकता का, नसल्यास साधारण कधीपर्यंत, आणि उपस्थित राहण्यासाठी कोणत्या सोयी लागतील. आजाराचे निदान कळवण्याची आवश्यकता नाही. प्रवासाची अडचण असल्यास कंपनी वाहनाची सोय करेल. व्हिडिओ कॉलद्वारे उपस्थित राहायचे असल्यास तसे कळवावे. आपले बचाव प्रतिनिधी आपल्या वतीने उपस्थित राहू शकतात.’

यात धमकी नाही, ‘ढोंग’ नाही, ‘अन्यथा कठोर कारवाई’ नाही. तरीही पुढच्या तारखेला तो नुसतं ‘विश्रांती’ लिहिलेलं सर्टिफिकेट पाठवून आला नाही, तर न्यायालयाला कोण रस्ता अडवतंय ते दिसतं.

तारखा किती द्यायच्या, याचा ठरीव नियम नाही, पण माझा क्रम असा असतो. पहिली तहकुबी कोणतीही खळखळ न करता द्या. दुसऱ्या वेळी वरचं पत्र पाठवा. तिसऱ्या वेळी स्वतंत्र डॉक्टरकडून तपासणीचा प्रस्ताव द्या आणि त्याच पत्रात सांगा की तपासणीला न येता किंवा चौकशीला असमर्थ असल्याचं स्पष्ट प्रमाणपत्र न देता गैरहजर राहिल्यास चौकशी एकतर्फी पुढे जाईल. मोठं ऑपरेशन, हृदयविकाराचा झटका, हॉस्पिटलात दाखल असल्याचा कागद असेल तर हा क्रम बाजूला ठेवा आणि मुकाट्याने थांबा. दोन महिन्यांनी कंपनी बुडत नाही.

स्वतंत्र तपासणी म्हणजे कंपनीचा फॅक्टरी डॉक्टर नव्हे. पगार कंपनीचा घेणाऱ्या डॉक्टरच्या मताला कोर्टात किती वजन मिळेल याचा विचार करा. जिल्हा रुग्णालयाचे सिव्हिल सर्जन, ईएसआयचं रुग्णालय (पिंपरी-चिंचवडकरांना मोहननगरचं, नाशिककरांना सातपूरचं) किंवा त्या आजाराचे तज्ज्ञ, असे पर्याय द्या. निवड कामगाराला करू द्या. फी आणि जाण्यायेण्याचा खर्च कंपनीचा. नियुक्तिपत्रात किंवा स्थायी आदेशात तपासणीची अट असेल तर तिचा उल्लेख करा. नसेल तर विनंती म्हणून लिहा. जबरदस्तीने तपासणी करता येत नाही, नकाराची नोंद करता येते. डॉक्टरला विचारायचा प्रश्नही ‘हा खरंच आजारी आहे का’ असा नसतो. अमुक तारखेला, बसून, दोन तास, विश्रांतीसह चौकशीत भाग घेऊ शकेल का, इतकाच.

एकतर्फी म्हणजे फुकट निकाल नव्हे

माणूस आला नाही म्हणून आरोप सिद्ध होत नाहीत. व्यवस्थापनाचे साक्षीदार यायलाच हवेत, कागदपत्रं रीतसर नोंदवायला हवीत, चौकशी अधिकाऱ्याने स्वतःहून चार प्रश्न विचारायला हवेत. त्या दिवसाचा रोजनामा काहीसा असा असावा: ‘११.०० वा. आरोपित कामगार अनुपस्थित. बचाव प्रतिनिधी अनुपस्थित. गेटवर व दूरध्वनीवर चौकशी केली, निरोप नाही. ११.४० पर्यंत वाट पाहिली. दि. … ची नोटीस बजावल्याची पोच पाहिली. वैद्यकीय प्रमाणपत्रात चौकशीस असमर्थतेचा उल्लेख नाही, तपासणीचे पत्र मिळूनही तपासणीस गेलेले नाहीत. म्हणून कामकाज एकतर्फी सुरू केले.’ चाळीस मिनिटांची ती वाट पुढे फार उपयोगी पडते.

प्रत्येक बैठकीनंतर रोजनामा आणि साक्षीची प्रत पुढच्या तारखेसह त्याला पाठवा. मध्येच तो हजर झाला तर दार उघडा, आणि आधीच्या साक्षीदाराला उलटतपासणीसाठी पुन्हा बोलावण्याची मागणी केली तर एकदा मान्य करा. व्यवस्थापनाचा वकील नाराज होईल, होऊ द्या.

नोटीस बजावण्याबद्दल दोन शब्द. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं, तेव्हा ‘आरपीएडीनेच (पोचपावतीसह रजिस्टर पोस्टाने) पाठवा’ असा हट्ट आता उपयोगाचा नाही. डिलिव्हरीचा पुरावा मिळेल अशा रीतीने स्पीड पोस्ट करा आणि ट्रॅकिंगचं पान त्याच दिवशी छापून ठेवा, कारण ते कायम दिसत नाही. नोंदीतल्या सगळ्या पत्त्यांवर पाठवा, गावाकडच्याही. व्हॉट्सअॅप जोडीला चालतं, एकट्यावर भिस्त नको. पाकीट ‘घेण्यास नकार’ किंवा ‘घर बंद’ असा शेरा घेऊन परत आलं तर ते न फोडता तसंच फाईलला लावा. शेवटचा उपाय म्हणून त्याच्या भागात खपणाऱ्या मराठी दैनिकात जाहीर नोटीस. त्यात आरोपांचा तपशील छापू नका, बदनामीचा नवा खटला उगाच ओढवतो.

पाळत, फोटो, घरभेट

शक्यतो नको. लग्नात नाचतानाचा व्हिडिओ, शेतात उभा असलेला फोटो, स्टेटसवरचं देवदर्शन, यातून सर्टिफिकेटावरच्या आजाराशी विसंगती सिद्ध होतेच असं नाही. डॉक्टरांनी फिरायला सांगितलेलं असतं, फोटो जुना असतो, आणि नैराश्याच्या रुग्णाला तर लोकांत मिसळायलाच सांगतात. ठोस गोष्ट वेगळी दिसते: त्याच दिवशी दुसऱ्या कंपनीच्या मस्टरवर हजेरी, कंबरदुखीच्या सर्टिफिकेटाच्या काळात भाड्याची टेम्पो-ट्रिप मारल्याची नोंद, प्रत्यक्ष पाहिलेला आणि साक्षीला यायला तयार असलेला माणूस. साक्षीला न येणाऱ्या ‘सूत्रांची’ किंमत शून्य.

मोबाइलमधला पुरावा वापरायचाच असेल तर मूळ फोन कुणाचा, कधी काढला, कुणी पाठवला याची साखळी जपा आणि १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र तयार ठेवा. कंपनीच्या अंतर्गत चौकशीत पुराव्याचे नियम काटेकोर लागत नाहीत, पण प्रकरण कोर्टात गेल्यावर हा कागद मागून तयार करणं अवघड जातं.

घरी माणूस पाठवायचाच असेल तर विचारपूस आणि पत्र देणं हाच हेतू ठेवा. दिवसा, दोघांनी, त्यातला एक त्याच्या ओळखीचा. बाई कामगार असेल तर सोबत स्त्री कर्मचारी हवीच. दारातून बोला, शेजाऱ्यांना विचारू नका, आत शूटिंग करू नका. परत आल्यावर काय झालं ते पाच ओळींत लिहून दोघांनी सह्या करा.

सर्टिफिकेट खरोखर बनावट निघालं तर

डॉक्टरांनी लेखी सांगितलं, ‘हे माझं नाही’, किंवा तारखा खाडाखोड करून वाढवल्याचं त्यांच्या प्रतीवरून दिसलं, तर दुसरी फाईल जिवंत होते. आधी कामगाराला खुलासा विचारा. मग स्वतंत्र आरोपपत्र: बनावट दस्तऐवज सादर करणे. डॉक्टर साक्षीला आले तर उत्तम. नाही तर त्यांचं पत्र ज्याने स्वीकारलं तो साक्षीदार. हा आरोप अनेकदा मूळ आरोपापेक्षा जड ठरतो आणि सिद्ध करायला सोपाही, कारण इथे प्रश्न आजाराचा उरत नाही, कागदाचा असतो.

सर्टिफिकेट खरं आहे पण तुमच्या मते आजार फुगवलेला आहे, अशा वेळी मात्र ‘ढोंगा’चा आरोप ठेवू नका. २०१२ च्या कृष्णकांत परमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की प्रत्येक अनधिकृत गैरहजेरी हेतुपुरस्सर नसते. आजार, अपघात, हॉस्पिटल अशा कारणांनी माणूस येऊ शकला नसेल तर ते गैरवर्तन धरता येत नाही. प्रकरण सरकारी कर्मचाऱ्याचं होतं, पण कामगार न्यायालयात त्याचा आधार घेतला जातो. हेतू सिद्ध करण्याचं काम तुमचं.

आदेश काढण्याआधी

चौकशी अहवालाची प्रत त्याला द्या आणि त्यावर म्हणणं मांडायला वेळ द्या. १९९३ च्या ईसीआयएल विरुद्ध करुणाकर निकालापासून यात पळवाट नाही. शिक्षेबाबतची कारणे दाखवा नोटीस काढा, मागची सेवा किती आणि कशी होती याचा विचार केल्याचं आदेशात खरोखर लिहा. बावीस वर्षं स्वच्छ नोकरी केलेल्या माणसाला एका शिवीगाळीवरून घालवलं तर चौकशी कितीही चोख असो, शिक्षा टिकणार नाही. आणि टिकली नाही तर २०१३ च्या दीपाली सुरवसे निकालाप्रमाणे पुनर्नियुक्तीबरोबर पूर्ण मागील पगार हाच सर्वसाधारण नियम आहे. हा आकडा प्लँट हेडला आधीच काढून दाखवा, त्याची घाई बरीच कमी होते.

मग आदेशाच्या तारखेला पुन्हा एकदा बघा: ईएसआयचा लाभ चालू आहे का, बाई कामगार गरोदर आहे किंवा आजार गरोदरपणाशी संबंधित आहे का (असेल तर थांबा, वकिलाशिवाय एक पाऊल नको), औद्योगिक वाद प्रलंबित आहे का. वाद प्रलंबित असेल तर एक महिन्याचं वेतन देऊन मंजुरीचा अर्ज त्याच सुमारास करावा लागतो. पन्नास किंवा जास्त, पण तीनशेपेक्षा कमी कामगारांचे कारखाने औद्योगिक संबंध संहितेमुळे स्थायी आदेशांच्या सक्तीतून सुटले, असं ऐकून काही मालक सैल झाले आहेत. स्थायी आदेश नसले तरी आरोप कळवणं, ऐकून घेणं आणि कारणं देणं यातून कुणी सुटलेलं नाही.

मॅनेजर दर्जाच्या माणसाला बडतर्फीविरुद्ध कामगार कायद्यांचं संरक्षण नसतं, तिथे नियुक्तिपत्र चालतं. आजारपणाची पत्रं मात्र याच सुरात लिहा.

काही वेळा तडजोड शहाणपणाची असते, विशेषतः आरोप मध्यम, सेवा लांब आणि आजार अर्धाअधिक खरा असेल तेव्हा. बोलणी युनियनच्या प्रतिनिधीसमोर करा, दोन-चार दिवस विचार करायला द्या, आणि करार शक्यतो कामगार अधिकाऱ्यापुढे नोंदवा. हॉस्पिटलच्या खाटेवर राजीनाम्यावर सही घेण्याची कल्पना कुणी मांडली तर त्याला बैठकीबाहेर पाठवा.

बडतर्फीचा आदेश गेला की पुढचे दोन कामाचे दिवस अकाउंट्सचे: राहिलेला पगार आणि शिल्लक रजेचे पैसे त्यात द्यायचे असतात. पीएफचे कागदही तयार करा, आणि ग्रॅच्युइटी ३० दिवसांत. ग्रॅच्युइटी केवळ बडतर्फ केलं म्हणून अडवता येत नाही. नुकसान, हिंसा किंवा नैतिक अधःपतन अशी ठरावीक कारणं आदेशात सिद्ध झालेली असतील तरच, आणि नुकसानीपुरती असेल तर तेवढीच रक्कम. निव्वळ गैरहजेरी त्यात बसत नाही. एमआरटीयू-पल्पखाली तक्रारीला ९० दिवस असतात, म्हणून दोन्ही फायली, न फोडलेल्या पाकिटांसह, निदान तोवर एचआरच्या कपाटातून हलवू नका.